गाळाला स्वस्थ बसवत नाही

सकाळी सात ते नऊ या वेळात सगळं शहर बसतं, आणि त्याचं फळ साडेनऊच्या सुमाराला मावशीच्या दारात येऊन पोचतं. तिथे लहानमोठं कुणी नसतं. मंत्री असो, मास्तर असो नाहीतर नटी असो, पाइपात उतरल्यावर सगळे एकाच वेगाने वाहतात. हे मैलापाणी प्लांटमध्ये आधी जाळीवर आपटतं. टूथब्रश, मोजे, बाहुल्यांचे हात तिथे अडकतात. एकदा वरची कवळी आली होती, आणि तिचा मालक आता पंधरा दिवस कुणाकडे बघून हसणार नाही या विचाराने मावशीच आठवडाभर हसत होती. जाळीनंतर वाळू बसते. मग हवेच्या टाकीत जंतू उरलेल्या घाणीवर ताव मारतात, आणि तेही इतक्या मनापासून की आपल्या हातचं असं कधी कुणी खाल्लं नाही, अशी मावशीची जुनी तक्रार होती. सगळ्यात शेवटी दोन नंबरची टाकी.

ही टाकी मावशीची. एक नंबर दुरुस्तीसाठी रिकामी पडली होती, ती कुणाचीच नव्हती. दोन नंबर म्हणजे तीस मीटर रुंद, गोल आणि एकावर एक उभी दोन माणसं बुडतील इतकी खोल. पाण्यात तरंगणारी घाण इथे गाळ होऊन तळाशी बसते आणि वरचं निवळलेलं पाणी काठाच्या दातेरी पट्टीवरून सांडत नदीकडे जातं. टाकीवर एक लोखंडी पूल चाळीस मिनिटांत एक फेरी मारतो. त्याला खाली लटकवलेला स्क्रॅपर गाळ ओढून मधल्या खड्ड्यात लोटतो आणि खड्ड्यातून रिटर्न पंप तो उचलून परत हवेच्या टाकीत नेतो. बाहेर जाणाऱ्या एका लिटरमध्ये तीस मिलिग्रॅमपर्यंत कण चालतात. मावशीच्या टाकीतून बारा-चौदाच जायचे. सव्वीस वर्षांत शिकलेलं सगळं शास्त्र ती एका वाक्यात सांगायची: गाळाला खाली बसू द्यायचं, पण तिथे मुक्काम करू द्यायचा नाही.

हे वाक्य नव्या साहेबाला पटत नव्हतं. आणि नवा साहेब तिचा सख्खा भाचा होता.

बहीण गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याच्या बापाने लगेच काखा वर केल्या. मावशीचं लग्न झालेलं नव्हतं आणि पोर आल्यावर ते करायला सवडही झाली नाही. तिने त्याला न्हाऊ घातलं, बदडलं, शिकवलं, परीक्षेच्या दिवशी त्याच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर उभं राहून स्वतःची नखं खाल्ली. पोरगं हुशार निघालं. इंजिनियर झालं, पहिल्या नंबराने निवडलं गेलं आणि नशिबाने अशी थट्टा केली की त्याची पहिली नेमणूक मावशीच्याच प्लांटवर झाली. घरी ती म्हणायची, “बाळ्या, टॉवेल पलंगावर टाकू नकोस.” तासाभराने प्लांटवर तोच बाळ्या तिला म्हणायचा, “ऑपरेटरबाई, रीडिंग आणा.” बाकी सगळा प्लांट मात्र तिला मावशी म्हणायला लागला होता. तिच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला, कंत्राटावरचा वॉचमनही.

साहेबाची नेमणूक एका वर्षाच्या परीक्षेवर होती. वर्ष संपत आलं होतं, आणि ही गोष्ट ज्या दिवसाची, त्या दिवशी त्याचं काम तपासायला समिती यायची होती. शेरा चांगला मिळाला तर नोकरी कायम, नाही मिळाला तर घर. या एका गोष्टीने मावशीची झोप महिनाभर उडाली होती. साहेब मात्र गाढ झोपत होता.

सकाळी सातला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून टाकीवर आला. मावशी आणि पंपवाला तिथे चहा पीत होते. पंपवाला हा माणूस जन्मल्यावरही रडण्याऐवजी ‘हं’ म्हणाला असावा. त्यानंतर त्याने शब्दसंपत्तीत फारशी भर घातली नव्हती.

“पूल बंद करा,” साहेब म्हणाला. “रिटर्न पंपसुद्धा.”

“काय झालं पुलाला?” मावशीने विचारलं.

“पाणी हलतंय. आणि तो कण्हतो केवढा! समितीपुढे मी बोलत असणार, आणि मागून हा बाळंतिणीसारखा कण्हत फिरणार?”

“मी लागले त्याच्या आधीपासून कण्हतोय. पण काम करतो.”

“मला पाणी आरशासारखं हवंय,” साहेब म्हणाला. त्याच्या केबिनमध्ये कुठल्याशा बड्या प्लांटचा फोटो भिंतीवर होता. त्यातल्या टाकीत ढग दिसत होते. गेले आठ दिवस त्याच्या डोक्यात ते ढगच फिरत होते.

“किती वेळ?”

“नऊला येतायत. साडेनऊपर्यंत जातील.”

मावशीने बोटांवर मोजलं. “अडीच तास. दोनच्या वर गाळ खाली राहायचा नाही, साहेब. या उन्हात तर नाहीच. वायू धरतो.”

“कोण वायू धरतो?”

“गाळ. जिवंत असतो तो. एका जागी दाबून ठेवला आणि हवा मिळाली नाही की त्याच्या पोटात वायू होतो. मग फुगतो आणि सगळाच्या सगळा वर येतो. माणसासारखंच आहे, फक्त माणूस चारचौघांत थोडं दाबून धरतो.”

“हं,” पंपवाला म्हणाला.

साहेबाने एक मोठा सुस्कारा सोडला. “मी काल स्वतः चाचणी घेतली. बरणीत नमुना घेतला, तीस मिनिटं ठेवला. गाळ तळाशी, वर काचेसारखं पाणी. इतका छान बसतोय आपला गाळ!”

“बसतोच. दोन तासांनी बघितली का बरणी?”

“चाचणी तीस मिनिटांचीच असते.”

“ते तुम्हाला माहीत आहे. गाळाला कुठे माहीत आहे?”

पंपवाल्याने चहाचा कप तोंडापुढे धरला. साहेबाचे कान लाल झाले. एरवी तो आता पुस्तकातलं काहीतरी म्हणाला असता, पण त्या दिवशी तो दोन पावलं पुढे आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मावशी, आजचा एक दिवस. माझ्यासाठी. ऐक ना.”

वर्षभरात प्लांटच्या फाटकाच्या आत त्याने तिला ‘ऐक ना’ म्हटलं नव्हतं. मावशी विरघळली. तिने पॅनेल उघडलं आणि पुलाचं बटण दाबलं, मग पंपाचं. आपण चुकतोय हे तिला बटण दाबतानाच कळलं होतं, हे इथे सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळं खापर उगाच एकट्या पोरावर फुटायचं.

पूल थांबला. पाण्यावरची शेवटची लाट काठाला लागून विरली आणि टाकीत खरंच आभाळ उतरलं. दिसत छान होतं, मावशीनेही ते कबूल केलं. साहेबाने चारी बाजूंनी फोटो काढले आणि फाटकाकडे निघून गेला.

नऊ वाजले. समिती नाही. सव्वानऊला फोन आला की त्यांना शेजारच्या प्लांटवर चहाला थांबवून घेतलंय. साडेनऊला शहराचा माल आला, रोजच्यासारखाच, भरपूर आणि वेळेवर. हवेच्या टाकीतून तो गढूळ लोंढा दोन नंबरमध्ये ओतायला लागला. एरवी जेवढा गाळ आत यायचा तेवढा खालून उचलला जायचा. आज आत येणं चालू आणि उचलणं बंद.

दहा वाजता मावशीने लांब पारदर्शक नळी तळापर्यंत सोडली आणि वर काढली. नळीत गाळ कुठवर आला ते बघून टाकीची तब्येत कळते. एरवी तो तिच्या गुडघ्याइतका असायचा. आज तो छातीपर्यंत होता, आणि त्यात मोहरीएवढे बुडबुडे वर सरकत होते. ती गमबूट फदफद वाजवत फाटकाकडे पळाली, मागून पंपवालाही.

“साहेब, सुरू करते आता.”

“गाडी निघाली तिथून! पाचच मिनिटं.”

“पाच मिनिटांत माझ्या टाकीत काय होईल सांगता येत नाही.”

“आत्ता सुरू केलं तर गाळ ढवळेल ना?”

“थोडा ढवळेल, पण निदान—”

“मग नकोच!”

ढवळणार हे खरंच होतं. चुकीच्या जागी अडकलेल्या माणसाला बरोबर वाटणारा एकच मुद्दा सापडला की तो त्याला सोडत नाही, आणि साहेबाने तो घट्ट धरून ठेवला होता. मावशी परत टाकीवर आली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. तिथे आता मधूनमधून एखादा बुडबुडा फुटत होता, लाजत लाजत.

पावणेअकराला गाडी आली. आतून तिघं उतरले. एकाने उतरायच्या आधीच नाकाला रुमाल लावला होता. दुसरा दिसेल त्याचा फोटो काढत होता. त्याने पहिला फोटो वॉचमनच्या सायकलचा काढला. तिसऱ्या अध्यक्षबाई. साठीच्या, काटकुळ्या. त्यांनी गाडीच्या डिकीतून स्वतःचे गमबूट काढले, सीटच्या कडेला टेकून पायात घातले आणि चालायला लागल्या. मावशीने ते बूट बघितले. घरून बूट आणणारी माणसं भाषणं ऐकायला येत नाहीत.

साहेबाने त्यांना थेट टाकीपाशी, मावशी आणि पंपवाला उभे होते तिथे आणलं आणि पाण्याकडे पाठ करून बोलायला सुरुवात केली. बोलला फर्डा. कण किती, वेग किती, क्षमता किती, सगळं तोंडपाठ. मावशीला त्याही स्थितीत अभिमान वाटला. त्याच्या पाठीमागे पाण्यावर ताटाएवढा एक तपकिरी ठिपका आला. मग त्याच्याजवळ दुसरा. फोटोवाल्याने मान वाकडी करून बघितलं. मावशीने साहेबाला डोळ्यांनी खुणावलं, भुवया उडवल्या, शेवटी खोकलीसुद्धा.

“...थोडक्यात, तळाच्या गाळावर आमचं संपूर्ण नियंत्रण आहे,” साहेब म्हणाला.

बुळुक् असा आवाज झाला आणि गादीएवढा गाळाचा तुकडा त्याच्या मागे वर आला, वळला, आणि तिथेच पसरला. मग टाकीने मागेपुढे बघितलंच नाही. इकडे बुळुक्, तिकडे बुळुक्, मध्यभागी एकदम पाच-सहा. तळाशी चार तास कोंडलेला सगळा माल आपापली जागा धरून वर यायला लागला. आरसा गेला, आभाळ गेलं. दातेरी पट्टीवरून पाण्याबरोबर ढेकळं सांडू लागली. रुमालवाला तीन पावलं मागे सरकला आणि रुमालातून म्हणाला, “हे... हे काय आहे?”

“आपलंच आहे,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “काही आज सकाळचंही असेल.”

साहेब वळला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्षबाई कठड्यावर वाकल्या, बाटलीत पट्टीवरचं पाणी भरून घेतलं, उजेडात धरलं आणि बूच लावलं. मग पुलाच्या मोटरला हात लावून पाहिला. मोटर थंड होती.

“पूल कधीपासून बंद आहे?”

मावशीने साहेबाकडे बघितलं. तो नऊ वर्षांचा असताना शाळेची काच फोडून आला होता तेव्हाचा चेहरा होता तो, अगदी तोच. मावशीला दुसरं काही सुचलं नाही.

“सातपासून,” ती म्हणाली. “मी बंद केला. चाकाला वंगण घालायचं होतं. मग राहूनच गेलं. माझी चूक.”

तिला वाटलं, झालं. तिच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. फार तर एक मेमो मिळेल, तो ती कपाटातल्या कागदाखाली टाकून देईल. पोराची नोकरी वाचली.

“असं आहे का, साहेब?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेब नुसता गप्प बसला असता तरी मावशीने ते गिळलं असतं. पण त्याचा श्वास मोकळा झाला आणि त्याबरोबर तोंडही. “हो मॅडम. मी यांना नेहमी सांगतो की सलग चालू ठेवा. पण जुनी माणसं आहेत, सवयीने काम करतात. गाळ म्हणजे काय, तो का वर येतो, हे शास्त्र यांना कळत नाही. त्यांचा तरी काय दोष?”

मावशीला कानशिलात बसल्यासारखं झालं. आपण मेमो घ्यायला तयार होतो, आळशी ठरायला तयार होतो, विसराळूही. पण हे? सव्वीस वर्षं तिने त्या पाण्याच्या रंगावरून शहरात ताप कुठे पसरलाय ते ओळखलं होतं. आणि हिला गाळ कळत नाही?

“खोटं आहे,” ती म्हणाली.

“काय?” अध्यक्षबाई.

“मी आत्ता बोलले ते खोटं. पूल यांनी बंद करायला लावला, पाणी आरशासारखं दिसावं म्हणून. मी म्हणाले होते, दोन तासांत वायू धरेल. दहाला पुन्हा जाऊन सांगितलं. ऐकलं नाही. बटण मी दाबलं, तेवढी माझी चूक. विचारा याला.”

सगळे पंपवाल्याकडे बघायला लागले. त्याने एकदा साहेबाकडे, एकदा मावशीकडे बघितलं.

“अक्षर न् अक्षर खरं आहे, मॅडम,” तो म्हणाला. त्याचा एवढा आवाज प्लांटवर कुणी ऐकलेला नव्हता.

अध्यक्षबाईंनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

“गाळ वर आला म्हणून मी कुणाला घरी पाठवत नाही,” त्या साहेबाला म्हणाल्या. “माझ्याही टाकीत आला होता, आणि तेव्हा तर मंत्री उभे होते. पण तुम्ही आत्ता जे बोललात, ते गाळाबद्दल नव्हतं. कायम करायची शिफारस मी करणार नाही. आणखी सहा महिने. मग पुन्हा येईन.” मग त्या मावशीकडे वळल्या. “आणि तुम्ही आधी खोटं का बोललात?”

“भाचा आहे माझा.”

“मग खरं का बोललात?”

“टाकी माझी आहे.”

अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि त्या बूट वाजवत गाडीकडे गेल्या. फोटोवाल्याने जाता जाता त्या तपकिरी टाकीचा एक शेवटचा फोटो काढला.

मावशीने पूल सुरू केला, पंप सुरू केला. पूल कण्हायला लागला तेव्हा तिला बरं वाटलं. खालचा गाळ आता हलणार होता, पण वर आलेला हातानेच काढायला लागणार होता. तिने लांब दांड्याची जाळी घेतली आणि काठावर उभी राहून ओढायला सुरुवात केली. पंपवाला पलीकडच्या बाजूला गेला. पाऊण तासाने साहेब आला. पायात कुणाचेतरी दोन नंबर मोठे गमबूट होते, इस्त्रीचा शर्ट पँटबाहेर आला होता. तो जाळी हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

“आई असती तर तिने नसतं सांगितलं,” तो म्हणाला.

एकोणीस वर्षांत त्याने हे एकदाही काढलं नव्हतं. चिडला तरी नाही, मार खाल्ला तरी नाही. मावशीचे हात थांबले. तिला खूप लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे ते खरं होतं. बहीण सगळ्यांसाठी खोटं बोलायची. नवरा पिऊन पडला तर शेजाऱ्यांना सांगायची, त्यांना चक्कर आली. त्याने मारलं तर सांगायची, कपाटाचं दार लागलं.

“नसतं सांगितलं,” मावशी म्हणाली. “तिने तुझ्यासाठी सगळ्या जगाला मूर्ख ठरवलं असतं, आणि सगळ्यात आधी स्वतःला. मीही सकाळपासून तेच करत होते. जमलंही असतं. पण तू त्या बाईला म्हणालास की हिला गाळ कळत नाही.” तिने जाळी काठावर ठेवली. “अरे, मला दुसरं काही येतच नव्हतं रे. तुझी आई गेली तेव्हा मला स्वयंपाक येत नव्हता, पोर सांभाळणं येत नव्हतं. हे एक येत होतं. त्याच्यावर तुला वाढवलं. तेही येत नाही म्हणालास, तर मग मी एवढी वर्षं काय केलं?”

साहेबाने तोंड फिरवलं आणि टाकीच्या दुसऱ्या बाजूला बघत राहिला, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. मावशीला त्याचं वाईट वाटलं. सहा महिने हा पोरगा सगळ्यांच्या नजरेखाली वावरणार होता आणि ते तिच्यामुळे होतं. पण आपलं चुकलं असं काही केल्या तिला वाटेना.

तिने पुन्हा ओढायला घेतलं. त्यानेही जाळी पाण्यात घातली आणि एका मोठ्या तुकड्याला धसकन ढोसलं. तो फुटला आणि त्याचे शंभर बारीक कण पट्टीवरून पार झाले. त्याने दुसऱ्याला ढोसलं, तोही फुटला. पंपवाला पलीकडून ‘हं’ म्हणाला. साहेबाने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं, इस्त्री गेली ती गेलीच.

“मावशी,” तो शेवटी म्हणाला, “हा फुटू न देता कसा ओढायचा?”

मावशीने त्याच्याकडे बघितलं. तो खरोखरच विचारत होता. ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हातातला दांडा वीतभर खाली धरायला लावला.

“आधी जाळी त्याच्या खाली ने,” ती म्हणाली. “त्याला धक्का लावू नकोस. खाली थांब थोडा. मग तो आपला आपण जाळीवर बसतो. मग उचल.”

सव्वीस वर्षांत तिने हे कुणाला शिकवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.